टायटन पेशींची वही : जून ते सप्टेंबर २०२५

२ जून

आजपासून ही वही. विषय मॅडमनी फळ्यावर लिहिला तसाच उतरवते : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या यीस्टच्या टायटन पेशी, म्हणजे नेहमीपेक्षा प्रचंड फुगलेल्या पेशी, प्रयोगशाळेत तयार करणं आणि मोजणं. हाताशी चार महिने, एक सीओटू इन्क्युबेटर, आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आठवड्यातून दोन दुपारी.

माझ्यापुरतं हे काम तीन वर्षांपूर्वीच सुरू झालं. तेव्हा मी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये उमेदवारी करत होते. चाळिशीतला एक माणूस, दीड महिना डोकं दुखतंय म्हणून आलेला. त्याच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा थेंब इंडिया इंकमध्ये मिसळून मी पहिल्यांदा क्रिप्टोकॉकस पाहिला. शाई पेशीच्या कवचात शिरत नाही, म्हणून काळ्या घोंगडीवर ज्वारीच्या लाह्या सांडाव्यात तशा पेशी उठून दिसतात. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पाच-सहा मायक्रॉनच्या, एकसारख्या. मग त्याच माणसाच्या बेडक्याची स्लाइड लावली. तिच्यात एक पेशी अशी होती की तिच्या पोटात बाकीच्या दहा-बारा सहज मावल्या असत्या. मी दाखवली. ‘काहीतरी घाण असेल, पुढची घे,’ असं उत्तर मिळालं. रजिस्टरमध्ये तिच्यासाठी रकानाच नव्हता. माणूस नवव्या दिवशी गेला.

ती घाण नव्हती याची आज मला खात्री आहे. या कामाची ओढ तिथून आहे, म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

६ जून

वाचनाचा आठवडा. मोठ्या पेशी दिसल्याच्या तुरळक नोंदी १९७० च्या दशकापासून आहेत, पण त्यांना नाव आणि जागा मिळाली २०१० मध्ये. ऑस्कर झारागोझा आणि कर्स्टन नील्सन यांच्या गटांनी एकाच वर्षी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की उंदराच्या फुप्फुसात शिरल्यावर या यीस्टच्या सुमारे २० टक्के पेशी प्रचंड फुगतात. पेशीचं अंग १० मायक्रॉनच्या वर गेलं की ती टायटन. कवच धरलं तर काही ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत जातात.

पुढची आठ वर्षं अडचण एकच होती. या पेशी पाहायच्या तर उंदीर हवा. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एलिझाबेथ बॅलू, पॅरिसचे अलेक्झांद्र अलानिओ आणि माद्रिदचे झारागोझा अशा तीन गटांनी भांड्यातच टायटन उगवायच्या तीन रीती प्रसिद्ध केल्या. तिन्हींचं साहित्य वेगळं. पॅरिसची रीत प्राणवायू कमी ठेवते. माद्रिदची रीत सॅबुरॉ नावाच्या पातळ केलेल्या खाद्यद्रवात सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, घालते. बॅलूंची रीत सर्वांत साधी : वायएनबी या कमी पोषणाच्या खाद्यद्रवात रात्रभर वाढवा, धुवा, मग मिठाच्या बफरमध्ये १० टक्के सीरम घालून ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. आपण हीच घेतोय. खर्च सीरमचाच काय तो.

तिन्ही रीतींत सामाईक एवढंच की पेशीला आधी जरा उपाशी ठेवायचं आणि मग फुप्फुसासारखं काहीतरी दाखवायचं.

११ जून

एच९९ हा स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण, उणे ८० अंशांमधल्या साठ्यातून काढला. १९७८ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एका रुग्णापासून मिळालेला हा स्ट्रेन आज जगभरच्या लॅबमध्ये आहे. आणि हीच त्याची अडचणही आहे. वर्षानुवर्षं प्लेटवरून प्लेटवर नेता नेता त्याची वेगवेगळी घराणी झाली, काहींची रोग करण्याची ताकदच ओसरली. मॅडमचा नियम : साठ्यातून काढलेली प्लेट दोन आठवड्यांच्या वर वापरायची नाही, आणि प्लेटवरून प्लेट तर कधीच नाही.

शुद्धता तपासायला कारळ्याचं अगार लागतं. तयार पावडर मागवायची तर तीन आठवडे. मग आईच्या चटणीच्या डब्यातले ५० ग्रॅम कच्चे कारळे आणले, लॅबच्या मिक्सरमधून काढले, लिटरभर पाण्यात उकळले, मलमलीतून गाळले आणि अगार लावलं. ऑटोक्लेव्ह उघडला तेव्हा सगळ्या मजल्यावर भाजणीचा वास. या बियांतल्या कॅफेइक ॲसिडपासून क्रिप्टोकॉकस मेलॅनिन बनवतो आणि त्याच्या कॉलन्या तपकिरी होतात. १९६२ मध्ये जर्मनीत श्टाइब यांनी हे पहिल्यांदा पाहिलं. पक्ष्यांच्या खाद्याचं बी म्हणून तिकडे ते परकं. माझ्या घरी ते लसणीबरोबर कुटतात.

१५ जून

कॉलन्या चौथ्या दिवशी चॉकलेटी. शेजारी मुद्दाम लावलेली कॅंडिडा, दुसरी एक यीस्ट, पांढरीच राहिली. स्ट्रेन शुद्ध.

१९ जून

पहिला प्रयोग लावला. ठरवल्याप्रमाणेच, फक्त पेशी मी दसपट जास्त टाकल्या. म्हटलं, स्लाइडवर शोधायला बऱ्या. तीन दिवसांनी पाहायचं.

२२ जून

रविवार असूनही आले. टायटन आहेत! चाळीस पेशी मोजल्या, त्यांतल्या अकरा १० मायक्रॉनच्या वर. मॅडमना लगेच फोन केला.

२३ जून

कालची नोंद चूक आहे. खोडत नाही, तशीच राहू दे.

मॅडमनी फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, ‘कुठून कुठपर्यंत मोजलंस?’ मी शाईच्या काठापासून शाईच्या काठापर्यंत मोजलं होतं. म्हणजे कवचासकट. सीरम आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की या यीस्टचं कवच जाड होतंच, त्याचा टायटनशी संबंध नाही. सहा मायक्रॉनची साधी पेशीही दोन्हीकडे तीन-तीन मायक्रॉनचं कवच घेऊन बारा मायक्रॉनची दिसते. टायटन ठरवायची ती पेशीभित्तीच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, आतलं अंग मोजून.

पुन्हा मोजलं. अकरातली एकही राहिली नाही.

यापुढे प्रत्येक पेशीचे दोन आकडे लिहायचे, अंग वेगळं आणि कवच वेगळं. आयपीसवरची पट्टीही स्टेज मायक्रोमीटरवर पुन्हा जुळवून घेतली, नाहीतर याच्यावर आणखी एक चूक चढायची.

३० जून

दुसरा प्रयोग. काही नाही. सगळ्या सहा-सात मायक्रॉनच्या, फार तर आठ. सीरमची बाटली बदलून पाहिली. तरी नाही.

६ जुलै

आषाढी. लॅब बंद. इन्क्युबेटरचं पाणी बघायला तेवढी जाऊन आले. तिसराही प्रयोग गेला.

१० जुलै

चूक सापडली, आणि ती सीरममध्ये नव्हती.

आमच्या शेजारच्या बाकावर पीएचडी करणारी ताई आहे. तिनं माझं ओडीचं पान पाहिलं, म्हणजे कल्चरची दाटी प्रकाश किती अडतो त्यावरून मोजल्याचे आकडे. रात्रभर वाढलेल्या दाट कल्चरचा ओडी मी थेट घेतला होता, १.६. ती म्हणाली, ‘इतक्या दाटीत यंत्र खरं सांगत नाही गं. वीसपट पातळ करून घे आणि मग गुण.’ घेतला. खरा आकडा कितीतरी वर निघाला. एका ठरावीक दाटीनंतर पेशी एकमेकींच्या सावलीत येतात, प्रकाश अडवायचं काम वाटून घेतात आणि यंत्राला कमी वाटतात. म्हणजे मी आधीच दसपट टाकत होते, त्यावर ही अनेक पटींची भर. रीतीत सांगितलेला ओडी ०.००१ आहे, मिलिलिटरला साधारण दहा हजार पेशी. माझ्या भांड्यात त्याच्या पन्नाससाठपट तरी गर्दी असणार.

आणि गर्दीत टायटन होत नाहीत. हे मी ६ जूनला वाचलं होतं, वहीत खूणसुद्धा केली होती! पेशी आपापसात रेणू सोडतात, त्यांच्या साठ्यावरून आजूबाजूला किती जणी आहेत हे त्यांना कळतं. गर्दी असेल तर त्या नेहमीसारख्या कळ्या फोडत राहतात. एकटी असेल तरच ती फुगायच्या वाटेला लागते. फुप्फुसाचा विचार केला तर हे पटतं. श्वासाबरोबर शिरतात त्या थोड्याच. पसरलेल्या, एकेकट्या, प्रत्येकीभोवती मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशी. तिथं मी ‘शोधायला बऱ्या’ म्हणून जत्रा भरवली होती.

ओडीवर आता विश्वास नाही. न्यूबॉअर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, एकेक पेशी मोजूनच टाकायच्या.

१४ जुलै

एकाच प्लेटमध्ये चार ओळी : मिलिलिटरला दहा लाख, एक लाख, दहा हजार, एक हजार पेशी. सीरम तेच, बाटली तीच, शेल्फ तोच. मोजायला दुपार गेली. चेंबरच्या पंचवीस चौकोनांतल्या पेशी, रेघेवरच्या दोन बाजू धरायच्या, दोन सोडायच्या. पाठ मोडली, पण हातात आलेला आकडा खरा आहे.

१७ जुलै

दहा लाखांची ओळ : सगळ्या साध्या. एक लाख : एखाददुसरी नऊ मायक्रॉनची. दहा हजारांची ओळ मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि चाळीसच्या लेन्सवर फोकस फिरवताना थबकले.

ही पेशी विसरायची नाही म्हणून सविस्तर लिहिते. अंग २४ मायक्रॉन. फोकसचं चक्र फिरवत खाली जावं तर ती संपतच नाही, वरचा काठ धूसर होतो तेव्हा कुठं मधला स्पष्ट होतो. आत जवळजवळ सगळी एकच रिक्तिका, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी पारदर्शक, आणि पेशीचा जिवंत भाग चंद्रकोरीसारखा एका कडेला सरकलेला. भिंत साध्या पेशीला रेघेएवढी दिसते, हिची दुहेरी ठळक, आतली आणि बाहेरची कड वेगळी ओळखू येते. बाहेर कवच, दाट, शाईचा एक कण आत नाही. आणि डाव्या अंगाला एक कळी फुटत होती. ती मात्र चिमुकली, नेहमीच्या पेशीपेक्षाही बारीक मानेवर. गायीच्या अंगाला गोचीड दिसावी इतका फरक आई आणि लेकीत.

तीन वर्षांपूर्वी बेडक्यात पाहिलेली तीच ही. खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ नुसती बसले.

१८ जुलै

काल डोळे भरून आल्यानं मोजणी राहिली होती. आज दोघींनी मिळून केली, फोटोंवर ओळींची नावं झाकून. दहा हजारांच्या ओळीत दोनशे पेशींमागे सव्वीस टायटन. हजाराच्या ओळीत प्रमाण आणखी चांगलं वाटतंय, पण पेशीच इतक्या कमी की आकडा लिहावासा वाटत नाही.

२४ जुलै

मोठी पेशी म्हणजे टायटनच असं नाही. विभाजन अडकलेली, मरायला टेकलेली पेशीही फुगते. म्हणून दुसरी अट : डीएनए. साध्या पेशीत गुणसूत्रांचा एक संच असतो, १४ गुणसूत्रं, विभाजनाआधी क्षणभर दोन. टायटनमध्ये चार, आठ, सोळा, काहींत चौसष्टपर्यंत संच मोजले गेलेत.

अल्कोहोलमध्ये फिक्स करून डीएपीआय हा डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग लावला. २४ मायक्रॉनच्या पेशीत एकच केंद्रक! मला अनेक दिसतील असं वाटलं होतं. एकच, पण मोठं, निळं, कडेच्या चंद्रकोरीत दाबून बसवलेलं. डीएनएची प्रत निघते, पण केंद्रक दुभंगत नाही, पेशी दुभंगत नाही, आणि पुन्हा प्रत निघते. पेशीचक्राचं एक चाक फिरतंय आणि दुसऱ्याला अडण लावलीय.

एकेका पेशीतला डीएनए मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्रासाठी नमुना शेजारच्या संस्थेत दिला. कवचामुळे पेशींचे गठ्ठे होतात आणि नळी तुंबते, म्हणून त्यांनी अट घातली की गाळून आणा. मी बारीक जाळीतून दोनदा गाळलं : जाळीवर राहिल्या त्या टायटन म्हणून घेतल्या, खाली गेल्या त्या ब्लीचमध्ये. आलेखावर चार आणि आठ संचांची टेकाडं स्वच्छ आली.

३१ जुलै

इतकं मोठं होऊन पेशीला मिळतं काय? आज यावर मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं.

सहा मायक्रॉनची पेशी २४ ची झाली तर व्यास चौपट, पृष्ठभाग सोळापट, आकारमान चौसष्टपट. आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग पाव होतो, म्हणजे अन्न आत घ्यायला हा वाईटच सौदा. बहुधा म्हणूनच आत एवढी रिक्तिका : फुगायचं, पण जिवंत ऐवज फार वाढवायचा नाही. मिळतं ते संरक्षण. मॅक्रोफेजचा व्यासच साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास. तो आपल्याएवढं गिळणार कसं? जाड भिंतीत कायटिन हा चिवट पदार्थ जास्त, कवचाची वीण घट्ट, ऑक्सिडेटिव्ह माऱ्याला टायटन अधिक टिकतात. याहून महत्त्वाचं म्हणजे टायटन आसपास असल्या की शेजारच्या साध्या पेशीही कमी गिळल्या जातात. एकीनं मोठं व्हायचं आणि निभाव सगळ्यांचा लागायचा.

पण मेंदूत या सहसा जात नाहीत. इतकी मोठी पेशी फुप्फुसातून निघून केशवाहिनीतून पुढं सरकणं कठीण. आणि माणूस मरतो तो मेंदूतल्या संसर्गानं. त्या रुग्णाच्या कण्यातल्या पाण्यात सगळ्या लहानच होत्या, मोठी बेडक्यात होती. ही गोष्ट तीन वर्षं माझ्यासमोर होती. आज जागेवर बसली.

८ ऑगस्ट

गेले दोन दिवस घरच्या ग्रूपवर मलाच प्रश्न. दादरचा कबुतरखाना महापालिकेनं ताडपत्रीनं झाकला, परवा आंदोलकांनी ती फाडली, आणि सगळ्यांना ठाऊक की मी ‘कबुतरांच्या बुरशीवर’ काम करते. मामांना नीट उत्तर लिहिलं, ते इथंही ठेवते.

मामा, क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या जुन्या, वाळलेल्या विष्ठेत वाढतो हे १९५५ पासून माहीत आहे. कबुतराला स्वतःला तो सहसा बाधत नाही, त्याच्या अंगाची ऊब ४१-४२ अंश, तिथं यीस्टला नीट वाढता येत नाही. माती आणि झाडांच्या ढोलीतही तो असतो, त्यामुळे श्वासातून आपल्यापैकी बहुतेकांच्या आत कधी ना कधी गेलेलाच असतो. धडधाकट माणूस त्याला निपटतो किंवा वर्षानुवर्षं दाबून ठेवतो. धोका आहे तो एचआयव्ही वाढलेल्यांना, अवयव बदललेल्यांना, जास्त दिवस स्टिरॉइड घेणाऱ्यांना. कबुतरांच्या धुळीनं फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते तो आजार वेगळा, आणि डॉक्टर टीव्हीवर मुख्यतः त्याच्याबद्दल बोलतायत. तुम्ही गच्चीवरची विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी मारून, मास्क लावून काढा. मामींचं किडनीचं औषध चालू आहे, त्यांना त्या कामाला लावू नका.

जगाचा हिशेब मामांना लिहिला नाही. २०२० साली एचआयव्हीबाधितांमध्ये क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरानं सुमारे १,१२,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, एड्सच्या दर शंभर मृत्यूंत एकोणीस. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बुरशींची पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात हा आहे. त्याच गटात कॅंडिडा अल्बिकन्सही.

१३ ऑगस्ट

आजचा प्रयोग प्रकल्पात नव्हता, पण मनात बरेच दिवस होता. सीरमच्या एकाच बाटलीतून दोन नळ्या. एकीत क्रिप्टोकॉकस, दुसरीत कॅंडिडा अल्बिकन्स. दोन्ही ३७ अंशांवर.

कॅंडिडानं अडीच तासांत उत्तर दिलं. प्रत्येक पेशीतून एक नळी, मुळाशी जराही आवळलेली नाही. ही जर्म ट्यूब टेस्ट आपण दुसऱ्या वर्षाला रट्टा मारून शिकतो आणि ‘अल्बिकन्स पॉझिटिव्ह’ लिहून पुढं जातो. पण तो नुसता ओळखपरेडचा शिक्का नव्हे. तीच नळी लांबून धागा होतो, धागा ऊतीत घुसतो, गिळणाऱ्या मॅक्रोफेजला आतून भेदून बाहेर येतो, आणि धाग्यावर असतानाच ती कॅंडिडालायसिन हे पेशी फोडणारं विष सोडते. १९९७ मध्ये धागे न करू शकणारा स्ट्रेन बनवला, तेव्हा त्यानं उंदीर मरेनात.

तेच सीरम. एक लांबते, दुसरी फुगते. दोघी नात्यानं फार लांबच्या : कॅंडिडा ब्रेडच्या यीस्टच्या कुळाकडची, क्रिप्टोकॉकस अळिंबीच्या गोतावळ्यातला. तरी सीरममध्ये दोघी ज्याला दाद देतात ती वस्तू एकच आहे, म्युरामिल डायपेप्टाइड, म्हणजे जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे. कॅंडिडाबाबत हे २००८ मध्ये दिसलं, टायटनबाबत २०१८ मध्ये. दोघींत पुढची वाट सायक्लिक एएमपी या पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या रेणूचीच. आणि उंदरांना प्रतिजैविकं देऊन त्यांच्या अंगातले जिवाणू कमी केले तर फुप्फुसात टायटनही कमी होतात.

म्हणजे यीस्टला आपण शरीरात आहोत हे निव्वळ शरीरावरून कळत नाही, शरीरात राहणाऱ्या जिवाणूंच्या चाहुलीवरूनही कळतं. आज जेवायला उशीर झाला तरी काही वाटलं नाही.

२१ ऑगस्ट

कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर रात्रीत संपलं. प्लेट गेली. दोन दिवस वाया.

२७ ऑगस्ट

गणपती. गावाला. वही बरोबर आणलीय, पण उघडायची नाही.

३ सप्टेंबर

परतल्यावर नवी प्लेट. या वेळी आधी ठरवलं की दोनशे पेशी गाठेपर्यंत समोर येईल ती प्रत्येक मोजायची, चांगल्या-वाईट न निवडता. निवडून मोजायची सवय मला कधी लागली ते कळलंच नाही.

मोजता मोजता दोन-तीन मायक्रॉनचे कण पुन्हा पुन्हा येत राहिले. आजवर यांना मी ‘कचरा’ म्हणून सोडत होते. सीरमचा गाळ, फुटलेल्या पेशी, असं काहीतरी. आज शंभरच्या लेन्सवर तेल घालून पाहिलं. गोल नाहीत, अंडाकृती आहेत. भिंत आहे, पातळ. एकाला कळी आहे. कॅल्कोफ्लोर लावलं तर निळे चमकतात, म्हणजे भिंतीत कायटिन आहे. गाळाला कळी फुटत नाही.

बॅलूंच्या गटानं २०१८ च्या त्याच लेखात यांना नाव दिलंय, टायटनाइड. दोन ते चार मायक्रॉनच्या, अंडाकृती, टायटनबरोबरच दिसणाऱ्या. मी तो लेख किमान चार वेळा वाचला असेन. दर वेळी मोठ्या पेशींच्या चित्रांवर थांबले.

आणि २४ जुलैला जाळीखाली गेलेलं सगळं मी ब्लीचमध्ये ओतलं होतं. ‘घाण असेल, पुढची घे’ म्हणणाऱ्यांचा राग मी तीन वर्षं धरला होता.

४ सप्टेंबर

मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘फोटो आहेत ना? फोटो टाकून दिले नाहीत ना?’ नाहीत. १७ जुलैपासूनचे सगळे मूळ फोटो हार्ड डिस्कवर आहेत.

११ सप्टेंबर

आठवडाभर जुने फोटो पुन्हा मोजतेय. दहा हजारांच्या ओळीत, जिथं टायटन आहेत तिथं, चिमुकल्याही आहेत. दहा लाखांच्या गर्दीत टायटन नाहीत आणि चिमुकल्याही जवळजवळ नाहीत. पेशींच्या आकारांचा आलेख काढला. गर्दीच्या ओळीचा एकच उंच डोंगर, सहाच्या आसपास. विरळ ओळीचा डोंगर खचून दोन्ही बाजूंना पसरलेला, एक शेपूट २४ कडे, दुसरं दोनकडे. मी जुलैमध्ये फक्त उजवं शेपूट पाहिलं होतं आणि त्यालाच निकाल म्हणत होते.

यापुढचा माझा तर्क, आणि तो तर्क म्हणूनच लिहितेय. फुप्फुसात एकाच वेळी दोन कामं करायची असतात, टिकायचं आणि निसटायचं. एका मापाच्या पेशीनं दोन्ही साधत नाहीत.

लहान पेशी निसटतात याला वेगळा आधारही आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यूटाच्या गटानं फुप्फुसातल्या लहान पेशींना ‘सीड सेल’ म्हटलं, बियाणं. त्या इतर अवयवांत जास्त सहज पोचतात, आणि त्या बनायला फॉस्फेट कारणीभूत ठरतं. त्याच कामात कबुतराच्या विष्ठेनंही हा बदल घडला. सीड सेल आणि टायटनाइड एकच असं धरून चालता येणार नाही, त्यांच्या बनण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. पण कण्यातल्या पाण्यात दिसलेल्या त्या एकसारख्या लहान पेशींकडे आता मी ‘नेहमीच्या’ म्हणून पाहू शकत नाही.

१६ सप्टेंबर

फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या प्लेटा ओतल्या. कारण टायटनच्या लेकी. अनेक संच असलेली आई लेकीला बहुतेकदा एकच संच देते, पण वाटणीत चूकही होते आणि एखादं गुणसूत्र जास्तीचं जातं. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की टायटनच्या संततीत अशी गुणसूत्रं कमीजास्त झालेली पिलं निघतात आणि ताणाखाली त्यांतली काही तरतात. एक क्रमांकाचं गुणसूत्र जादा आलं तर फ्लुकोनॅझोल ज्याला लक्ष्य करतं ते ईआरजी११ जनुकही दुप्पट, औषध बाहेर फेकणारा एएफआर१ पंपही दुप्पट. आपल्याकडे अनेक रुग्णांचा पुढचा सगळा उपचार या एका गोळीवर चालतो.

प्रश्न साधा ठेवलाय : विरळ ओळीतल्या पेशींमधून औषधावर तगणाऱ्या कॉलन्या गर्दीच्या ओळीपेक्षा जास्त येतात का?

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना. घरी परडीत माती घालून धान्य पेरून आले, मग प्लेट लावायला इथं.

मोजणीचा तक्ता नव्यानं आखला. आधी दोन रकाने होते, ‘टायटन’ आणि ‘इतर’. आता पेशीचं अंग दर मायक्रॉनला एक रकाना, दोनपासून तीसपर्यंत. कवच वेगळं. कळी आहे का, कळीचं माप वेगळं. शेवटचा रकाना ‘काय आहे कळत नाही’, त्यात जाईल त्या प्रत्येकाचा फोटो काढायचा. जाळीतून गाळलेलं वरचं आणि खालचं दोन्ही ठेवायचं, खालच्या नळीवर हिरवी पट्टी. ब्लीचच्या बाटलीवर चिठ्ठी लावली : आधी स्लाइड बघा.

उद्या सकाळी दहाला पहिली मोजणी. चेंबर धुऊन ठेवलाय.